टर्कींच्या जांभया

इन्साफच्या गच्चीवरचे टर्की जांभया द्यायला लागले, तेव्हा फिकरिया तिथेच बसून कबुतरांना भरवत होती. नशीब फुटकं म्हणतात ते असं. त्या वेळी ती बाजारात असती, तापाने फणफणलेली असती, कुणाच्या मयताला रडायला गेलेली असती तरी चाललं असतं. अर्थात आमच्या गल्लीला एकदा कुणाचं नाव सुचलं की ती बाई त्या वेळी कुठे होती हे कोणी विचारत बसत नाही म्हणा.

"फिकरिया, हे बघ," इन्साफ म्हणाली. "हा जांभई देतोय."

फिकरियाच्या तोंडात भिजवलेला मका होता. मांडीवरच्या कबुतराची चोच ओठांत धरून ती दाणे आत फुंकत होती. तो घास संपवून तिने तोंड पुसलं आणि मान वळवली. पोरसवदा टर्की मान लांब ताणून उभा होता, चोच जेवढी उघडेल तेवढी उघडी. मग त्याने डोकं झटकलं आणि पुन्हा चोच वासली.

"तहान लागली असेल."

"पाणी पुढ्यात आहे त्याच्या."

"मग ऊन लागलं."

"सावलीत उभा आहे गं."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या दुसऱ्यानेही चोच वासली. इन्साफने त्याच्याकडे बघितलं, मग फिकरियाकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. ते काढून घेणं फिकरियाला दिसलं, पण त्या दिवशी तिने ते मनावर घेतलं नाही. पुढचं कबुतर उचललं.

आता हे टर्की म्हणजे साधे टर्की नव्हते. इन्साफची एकुलती एक मुलगी नगात, तिचं लग्न ठरलं होतं कालव्यापलीकडच्या गावातल्या, हज करून आलेल्या हज्जा दौलतच्या मुलाशी. मुलगा वीजखात्यात, घर पक्कं, आणि सासू अशी की परातीवरचं झाकण उचलून आतलं मांस बोटाने दाबून बघणारी. लग्नाच्या रात्री नवरानवरीचं जेवण मुलीच्या आईने पाठवायचं असतं. बदकं, भात भरलेली कबुतरं, आणि मधोमध टर्की. बायका पराती डोक्यावर घेऊन सगळ्या गावातून मिरवत नेतात. टर्की केवढा आला यावर सुनेला सासरी पुढे कितीतरी वर्षं ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर मान वर करून वावरता येतं. इन्साफ विधवा. बाजारात चीज विकून तिने संसार ओढला. अंगावर घालायला सोनं नव्हतं, म्हणून तिने सगळी हौस त्या टर्कींवर ओतली होती. बरसीमचा हिरवा चारा काय, भाकरीचा चुरा काय, उकिरड्याजवळची ओली माती उकरून काढलेली गांडुळं काय. पिल्लांपेक्षा तीच जास्त दमायची.

आणि फिकरिया? तिची भिंत इन्साफच्या भिंतीला लागून. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये गुडघाभर कठडा, तो ओलांडायला तिला कधी विचारावं लागलं नव्हतं. नवरा गवंडी होता, पडून मेला. मूलबाळ नाही. आमच्या गावात प्रत्येक बाई कुणाची तरी उम्म म्हणून ओळखली जाते, म्हणजे कुणाची तरी आई. फिकरिया मात्र फिकरियाच राहिली. इन्साफ बाजारात बसायची तेव्हा नगात हिच्या मांडीवर झोपायची. नगातचा पहिला दात हिने बघितला, गोवर हिने काढला, शाळेच्या वेण्या हिने घातल्या. लग्न ठरलं त्या दिवशी इन्साफ स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती, "टर्कीची परात तुझ्या डोक्यावर, फिकरिया. दुसऱ्या कुणाच्या नाही." तेव्हापासून फिकरियाला दुसरं काही सुचत नव्हतं. सबंध गावासमोर ती परात डोक्यावर घेऊन नगातच्या पुढे चालायचं, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं बिचारीने.

चूक म्हणाल तर तिची एकच. आदल्या आठवड्यात गल्लीतल्या बायका इन्साफच्या गच्चीवर जमल्या होत्या, आणि कपडे वाळत घालता घालता फिकरिया म्हणाली, "अगं, यांच्या छात्या बघा, हे काय दौलतच्या परातीत मावायचे नाहीत." झालं. नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्ला म्हणाली नाही. मनात म्हणाली असेल, नसेल. तोंडात कपड्यांचे चिमटे होते. एक शब्द. काय जात होतं म्हणायला? पण घरच्याच पाखरांचं कौतुक करताना कोणी असं तोलून बोलतं का, तुम्हीच सांगा.

आमच्याकडे झोप नसताना आलेल्या जांभईचा अर्थ एकच, दृष्ट लागली. दृष्ट काढणारीलासुद्धा जांभई आली की मग शंकाच उरत नाही. माणसाला लागू ते पाखराला लागू, असं इन्साफने धरलं. दोन टर्की मेले तसं तिने सत्तूताला बोलावलं. सत्तूता म्हणजे गल्लीतली दृष्ट काढणारी म्हातारी.

फिकरिया तेव्हा आपल्या गच्चीवर चुलीत भाकऱ्या भाजत होती. कठड्यापलीकडे सत्तूताने कागदाची बाहुली कापली आणि सुई घेतली. एकेक नाव घ्यायचं आणि बाहुलीला टोचायचं. "अझीझाच्या नजरेची. उम्म हाशिमच्या नजरेची. दूधवाल्याच्या नजरेची." आवाज सगळा ऐकू येत होता. मग "फिकरियाच्या नजरेची" असं आलं, आणि सत्तूताने एवढी मोठी जांभई दिली की ती इकडे चुलीपाशी ऐकू आली. सत्तूताची सून आदल्या रात्री बाळंत झाली होती, म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या वेळी ते कुणाला आठवलं नाही.

मग तुरटी निखाऱ्यावर टाकली. ती फुगली, वाकडीतिकडी झाली, आणि बायका त्यात चेहरा शोधू लागल्या. "बाई आहे." "कडेवर पोर नाही." अहो, तुरटीच्या गोळ्याच्या कडेवर पोर असेल कसं? शेवटी खुराड्याचं दार पोत्याने बंद करून आत धुरी ठेवली, दृष्ट पार जळून जावी म्हणून. पोतं काढलं तेव्हा आणखी तीन टर्की मरून पडले होते. इन्साफ रडायला लागली. फिकरियाची भाकरी जळाली, ती तिला कळलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरीही गेली. न जाऊन कसं चालेल?

"अंडी किती निघाली आज?" तिने विचारलं.

"पाच," इन्साफ म्हणाली. टोपलीत अंडी बरीच जास्त होती.

"नगात कुठाय?"

"पाच मिनिटं झाली बाहेर पडून."

"शिंपी कधी येणार?"

"गुरुवारी. पाचव्या दिवशी."

फिकरिया मटकन पायरीवर बसली. वाईट नजरेच्या माणसासमोर बोलण्यात कुठेतरी पाच आणायचे, म्हणजे पाच बोटं त्याच्या डोळ्यांत जातात. लहानपणापासून ती स्वतः हे करत आली होती, इतरांसमोर. आपल्यासमोर कोणी करेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आण, कबुतरं भरवते," ती म्हणाली.

"नको. मी भरवीन आता. तुझे गुडघे दुखतात."

"मी गुडघ्यांनी भरवते का, इन्साफ?"

 इन्साफने भाताच्या पातेल्यावर झाकण सरकवलं.

मेलेली पाखरं कालव्याच्या काठावर टाकली होती. तिथे जाऊन फिकरियाने त्यातलं एक उचललं आणि ओढणीखाली लपवून घरी आणलं. कशासाठी, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. संताप झाला होता. माझी नजर कुठे जाऊन बसलीय ते बघू दे तरी, असं ती स्वतःशी पुटपुटली आणि सुरी घेतली. आयुष्यभर हजारो पाखरं साफ केली होती, पण गळ्याची नळी उभी चिरून कोण बघतं? ती चिरली, आणि आत लाल किडे निघाले. दोऱ्यासारखे बारीक, प्रत्येकाला फाटा फुटलेला, नळीच्या आतल्या अंगाला तोंड रोवून चिकटलेले. एक अजून वळवळत होता. श्वास जायला जागाच उरली नव्हती. तिला शिसारी आली, आणि त्याच क्षणी इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली.

किडे ओल्या फडक्यात गुंडाळून ती तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर पोरगेलासा होता, समोर गाढवं आणि म्हशींची रांग. त्याने फडकं उघडून बघितलं.

"गांडुळं खायला घालता?"

"घालतो. लवकर वाढावेत म्हणून."

"उकिरड्याजवळची? आणि तिथेच एखादा मोठा टर्की चरतो?"

"चरतो. चांगला धडधाकट आहे."

"तोच. त्याच्या गळ्यात हेच आहेत, पण त्याला काही होत नाही. त्याच्या विष्ठेतून गांडुळांत जातात, गांडुळांतून बारक्यांत. बारके गुदमरतात. ही पूड पाण्यातून द्या, गांडुळं बंद करा. धूर-बीर करू नका."

"डॉक्टर, नजर लागून होतं का हे?"

तो हसला. "कुणाची नजर?"

"माझी."

मग त्याने हसणं थांबवलं आणि पूड जरा जास्त बांधून दिली.

फिकरिया धावतच परत आली. तिला वाटलं, आता फडकं उघडायचं की सगळं मिटलं. इन्साफ कपाळाला हात लावेल, आपण दोघी रडू, मग हसू. तिने दारातच फडकं उघडलं.

इन्साफ एक पाऊल मागे सरली. "लाल दोरा आहे," ती हळूच म्हणाली. "गाठ मारलेला."

"किडा आहे गं. गळ्यात होता. हाच त्यांचा श्वास कोंडतो."

"गळ्यात काय आहे ते तुला कसं कळलं?"

"चिरून बघितलं."

"मेलेलं पाखरू काठावरून उचलून आणलंस आणि चिरलंस?" इन्साफने दाराची चौकट धरली. "असं कोण करतं, फिकरिया? करणी करणाऱ्या बायका करतात असं."

"डॉक्टरने औषध दिलंय. पाण्यात घालायचं."

"तुझ्या हातचं पाणी माझ्या पाखरांच्या पोटात जाणार नाही."

"इन्साफ, तुझी पोर माझ्या हातचं खाऊन वाढली."

"म्हणून तर इतके दिवस गप्प राहिले." इन्साफ रागावली नव्हती. घाबरली होती, आणि तेच जास्त वाईट होतं. "माझ्या घरात एकच लग्न आहे गं. माझ्यापाशी दुसरं काही नाही. मला घाबरू दे. येऊ नकोस काही दिवस." आणि तिने दार लावून घेतलं.

कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती. मरू देत तुझे टर्की, म्हणाली असती. फिकरियाही म्हणाली, दिवसभर म्हणाली. पण टर्की मेले तर दौलतच्या दारात नगातची मान खाली जाणार होती, आणि ते हिला बघवलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून लवंडली तेव्हा, तिने गुडघे दाबत कठडा ओलांडला आणि टर्कींच्या पाण्यात पूड कालवायला बसली. कोणी बघितलं असतं तर तिला गाव सोडावं लागलं असतं.

जिन्यातून नगात वर आली. हातात धुण्याची टोपली.

"खाला?" लहानपणापासून ती फिकरियाला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"औषध आहे," फिकरिया म्हणाली. "ओरडायचं तर ओरड."

नगातने टोपली ठेवली, पुडी हातात घेतली आणि वाचली. फिकरियानेच तिला शाळेत घातलं होतं. "किड्यांचं लिहिलंय," ती म्हणाली. फिकरियाने मग सगळं सांगितलं, गळ्यातलं, गांडुळांचं, मोठ्या टर्कीचं. पोरीने ऐकून घेतलं आणि काडी घेऊन स्वतः पाणी ढवळलं. "गांडुळं आई मलाच आणायला सांगते. मिळाली नाहीत म्हणेन. मोठ्यालाही खाली बांधते. तू उद्यापासून चढू नकोस, पडशील. पुडी कठड्यावरून दे."

त्या दिवसांत फिकरिया सुखात होती, हे सांगायला हवं. सगळी गल्ली तिला बघून मुलं आत घेत होती, पण रोज दुपारी कठड्यावरून एक हात यायचा आणि हिच्या हातातली पुडी घेऊन जायचा. एकीला तरी खरं ठाऊक आहे. तेवढ्यावर ती झोपत होती.

टर्की उठले. जांभया कमी झाल्या, मग थांबल्या. राहिलेले सगळे खायला लागले, फुगले, ओरडून गल्ली डोक्यावर घ्यायला लागले. फिकरिया भट्टीवर पाव आणायला गेली तेव्हा इन्साफ बायकांच्या घोळक्यात उभी होती, आणि मुद्दाम मोठ्याने बोलत होती.

"तिचं पाऊल बंद केलं आणि पाखरं उठली. आता बोला. अजून काय पुरावा हवा?"

"खरंच गं," बायका म्हणाल्या.

नगात आईच्या शेजारीच उभी होती, डोक्यावर कणकेची पाटी. फिकरियाने तिच्याकडे बघितलं. एका वाक्याचं काम होतं. आई, औषध मी घातलं. बास. नगातने पाटी सावरली, उगीचच, आणि भट्टीतल्या जाळाकडे बघत राहिली.

पोर घाबरली, फिकरियाने घरी जाताना स्वतःला समजावलं. लग्न तोंडावर आहे, भांडण कशाला काढेल? सांगेल नंतर.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारीच, नगात तिच्या दारातून आत आली. कठड्यावरून नाही, पुढच्या दारातून. फिकरिया उठून उभी राहिली. बोलवायला आली. आईला सांगितलं, आईने पाठवलं.

"निळा झगा धुऊन ठेवलाय," ती घाईघाईने म्हणाली. "काळा नको ना लग्नात? आणि परातीखाली ठेवायला चुंबळ केलीय, बघ. डोकं हलणार नाही."

"खाला, बस जरा." नगात उभीच होती. "हज्जा दौलतच्या कानावर गेलंय."

"काय?"

"नजरेचं. तिने निरोप पाठवला, त्या बाईसमोरून माझी सून जाणार नाही."

"मग सांग तिला. तुला ठाऊक आहे ना? पाणी तूच ढवळलंस."

"ठाऊक आहे."

"मग?"

"टर्कींना किडे होते, खाला. मी कुठे नाही म्हणते?" नगात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पण टर्कींचं वेगळं. उद्या मी... मला मूल हवंय, खाला. तुला झालं नाही. तू मुद्दाम काही करशील असं नाही म्हणत मी. नजर मुद्दाम लागत नाही, असंच म्हणतात ना सगळे? आणि उद्या तुझं मन भरून येणार, तू माझ्याकडे बघत राहणार. लागली तर?"

फिकरियाला वाटलं आपल्याला ऐकायलाच चुकीचं आलं. मग कळलं, चुकीचं नाही आलं. इन्साफने दार लावलं तेव्हा झोंबलं होतं. हे आतून चिरत गेलं. इन्साफला काही ठाऊक नव्हतं. हिला सगळं ठाऊक होतं.

"मी काय करू म्हणतेस?"

"निघताना खिडकी लावून घेशील? दार पण. मोटार जाईपर्यंतच." नगात रडायला लागली.

"रडू नकोस, उद्या डोळे सुजलेले दिसतील," फिकरिया म्हणाली. सवयीने तोंडातून गेलं, आणि गेल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी तिने दार लावलं, खिडकी लावली, कडी घातली. बाहेर ढोल वाजायला लागले. पराती निघाल्या. "काय टर्की आहे, माशाल्ला, माशाल्ला," आवाज येत होते, आता सगळ्यांना शब्द आठवत होता. टर्कीची परात सत्तूताच्या डोक्यावर होती, तेही ऐकू आलं. म्हातारी धापा टाकत वाट द्या, वाट द्या म्हणत होती. मग नगात दारात आली असणार, कारण सगळ्या बायकांनी जीभ नाचवून आनंदाची हाळी दिली. फिकरियाची जीभ आपोआप वर गेली. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

हाळी थांबली. खिडकीच्या अगदी बाहेरून कोणीतरी म्हणालं, "बघा गं, कडी घालून बसलीय. वाढवलेल्या पोरीचं लग्न आणि खिडकीसुद्धा उघडली नाही."

"जळते मेली," दुसरी म्हणाली. "मनात काही नसतं तर बाहेर आली नसती का?"

नगातचा झगा तिथेच भिंतीला घासत जात होता, त्याची सळसळ फिकरियाला आत ऐकू येत होती. तिने तोंडातला बोळा काढला आणि खिडकीच्या लाकडाला कान लावला. नगात काही बोलते का, ते ती ऐकत राहिली. मग मोटारीचं दार लागलं आणि मोटार निघून गेली.